डोळ्यांत राहिलेली दृश्ये

२०२४ साली आमच्या घरी नेहमीपेक्षा जास्त चित्रपट पाहिले गेले. गुडघ्यांमुळे अम्मीचे बाहेर जाणे जवळजवळ बंद झाले होते आणि मगरिबनंतरचा वेळ तिला खायला उठायचा. एकेकाळी याच घरात सिनेमाचे नाव काढले की दादी तसबीह थांबवून आमच्याकडे बघायची. आता अम्मीच विचारते, "आज काय लावताय?"

चित्रपटांच्या गोष्टी आम्ही महिन्याभरात विसरतो. राहते ते एखादे दृश्य. शाळेत आम्ही मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो. मराठीत दृश्य, उर्दूत मंज़र. दोन्ही शब्द पाहण्यातूनच आलेले. त्या वर्षातली तीन दृश्ये घरातून अजून गेलेली नाहीत.

पहिले किरण रावच्या 'लापता लेडीज'मधले. रेल्वेच्या डब्यात सारख्याच लाल घुंगटातल्या नवऱ्या, आणि रात्रीच्या घाईत दीपक चुकीच्या बायकोला घेऊन उतरतो. मग तो हरवलेल्या बायकोचा फोटो दाखवत फिरतो, आणि फोटोत तिचा चेहराच नाही. घुंगट तेवढा आहे. आम्ही पोट धरून हसलो. पुढे एक मुसलमान दुकानदार तो फोटो बघून चेहरा झाकण्यावर शहाणपण सांगतो, आणि तेवढ्यात त्याची बुरख्यातली बीवी बाहेर येते. हसू आलेच, पण आमच्या मुलीने मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि आम्ही जरा जास्तच लक्ष देऊन चहा प्यायलो. बुरख्याचा विषय असा विनोदात निघावा हे आपल्यात सगळ्यांना आवडेल असे नाही. मुलीने पुढे जे प्रश्न विचारले ते वेगळ्या लेखाचे आहेत. अम्मी मात्र फोटोपाशीच थांबली होती. म्हणाली, "फोटो असून माणूस दिसत नाही, असं असतंच की." आम्हाला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

तो लागला 'आडुजीवितम' पाहताना. बेन्यामिन यांच्या मल्याळी कादंबरीवरचा ब्लेस्सी यांचा हा चित्रपट. केरळातला नजीब नोकरीसाठी सौदीला जातो आणि वाळवंटात शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यावर गुलामासारखा अडकतो. छायाचित्रण सुनील के. एस. यांचे आणि बरेचसे वाळवंट जॉर्डनमधल्या वादी रममधले. कॅमेरा इतका लांब ठेवतात की वाळूत माणूस मुंगीएवढा दिसतो. पण आमच्या डोळ्यांत राहिले ते पाणी. जनावरांच्या हौदाला तोंड लावून नजीब पाणी पितो, आणि त्याच पाण्यातून आपण त्याच्या गावच्या नदीत उतरतो, जिथे तो बुडी मारून वाळू काढायचा. मध्ये एक शब्द नाही. ज्याचे आयुष्य पाण्यात गेले त्याला तिथे अंग धुवायलाही पाणी मिळत नाही. मग पुष्कळ पुढे, मालक लोक बाहेर गेलेले असताना, तो अंगावर पाणी घेतो. पाठमोरा, उघडा. पृथ्वीराजने या भूमिकेसाठी सुमारे ३० किलो वजन उतरवले होते; त्या पाठीवर हाडे मोजता येतात.

अम्मी रडेल असे वाटले होते. ती रडली नाही. म्हणाली, "तुमचे अब्बा आले की आधी विहिरीवर जायचे. आठवतं?"

आठवत होते. खाडीकाठच्या आमच्या गावात अब्बा दोन-तीन वर्षांनी सौदीहून यायचे. दारात टॅक्सी थांबायची, दोरीने आवळलेली बॅग ओटीवर यायची, आणि अब्बा टॉवेल घेऊन विहिरीकडे. तासभर यायचे नाहीत. दादी ओरडायची, "अरे, विहीर आटवशील!" आणि आम्ही भावंडे बॅगेभोवती बसून चिडायचो, कारण ते आल्याशिवाय बॅग उघडायची नाही असा हुकूम होता. त्यांची अंघोळ किती लांबते यावर आमची नक्कल असायची, ती आम्ही मोठे झाल्यावरही करत होतो.

अम्मीने त्या रात्री कपाटातून फोटो काढायला लावला. पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे असलेले अब्बा. हा फोटो आम्ही वर्गात मिरवला होता. "गाडी कुणाची होती, त्यांनाही माहीत नव्हतं," अम्मी म्हणाली. "पहिली चार वर्षं कामावर प्यायला टँकरचं पाणी. ते पण मोजून." अब्बांना जाऊन अकरा वर्षे झाली. एवढ्या वर्षांत हे घरात कुणी बोलले नव्हते. नजीबसारखे अब्बांना कुणी डांबले नव्हते, पगार वेळेवर यायचा, हेही अम्मीने आवर्जून सांगितले. तरी आम्हाला रात्री झोप लागली नाही.

तिसरे दृश्य पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'मधले. कानच्या मुख्य स्पर्धेत ३० वर्षांनी पोहोचलेला हा भारतीय चित्रपट, आणि ग्रां प्री घेऊन आला. मुलांसोबत बघण्याचा नव्हे. त्यांना झोपवून लावला आणि काही भाग पुढे सरकवला. मुंबईत नर्स असलेल्या प्रभाचा नवरा जर्मनीत आहे, वर्षभर फोन नाही, आणि एक दिवस घरी लाल राइस कुकर येतो. रात्री ती स्वयंपाकघरात खाली बसून त्या कुकरला मिठी मारते. रणबीर दासने बाहेरची पावसाळी मुंबई निळसर ठेवली आहे, त्यात तो कुकर फार लाल दिसतो. शेवटी ही मंडळी आमच्याच रत्नागिरीच्या किनाऱ्यावर येतात. रात्रीच्या समुद्रापाशी दिव्यांनी उजळलेली झोपडी, तेही सुंदर आहे. पण आम्ही कुकरपाशीच राहिलो. अब्बांनी पाठवलेला टेपरेकॉर्डर अम्मी रोज पुसायची, भरतकाम केलेले कापड घालून ठेवायची. लावायची क्वचितच.

"आमचा टेपरेकॉर्डर तर गरमसुद्धा व्हायचा नाही," अम्मी म्हणाली आणि स्वतःच हसली.

या जानेवारीत भावाचा मुलगा कुवेतला गेला. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोटो आला: समुद्रकिनारा, मागे उंच इमारती, डोळ्यांवर काळा चष्मा. घरात सगळ्यांनी माशाअल्लाह म्हटले. अम्मीने चष्मा लावून फोटो नीट पाहिला आणि जुम्याच्या दिवशी त्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला.

"खोली दाखव," ती म्हणाली. त्याने फोन फिरवला. सहा पलंग, दोरीवर शर्ट, खिडकीत एसी. "आता मोरी." तो लाजला, मागे कुणीतरी हसले. "दाखव म्हणते ना." बादली, पांढऱ्या फरशा, नळ.

"सोड तो."

त्याने सोडला. पाणी आले. अम्मी ते बराच वेळ बघत राहिली. शेवटी तोच म्हणाला, "दादी, बंद करू?"