घाटमाथ्यावरचे आरमार

जयगडच्या खाडीकाठी आमचे घर आहे. ओटीवर दोन तसबिरी. एक गणपतीची, दुसरी दादाकाकांची. गणपतीला रोज फूल मिळते. दादाकाकांना दसऱ्याला आणि दिवाळीला हार. खलाशाचा पांढरा गणवेश, गोल टोपी, ताठ मान आणि वय फार तर वीस. पाहुणा आला की बोट तिकडे जायचेच. "हे आमचे दादाकाका. बेंगालवर तोफ चालवीत होते!"

बेंगालची लढाई काही बनावट नव्हे. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला भर समुद्रात ती झाली. रॉयल इंडियन नेव्हीची 'बेंगाल' ही सुरुंग काढणारी चिमुकली बोट 'ओंदिना' या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला होती. समोरून 'होकोकू मारू' आणि 'आइकोकू मारू' ही दोन जपानी जहाजे आली, एकेक दहा हजार टनांचे. बेंगालने पाठ दाखवायची सोडून त्यांच्यावरच चाल केली. होकोकू मारू स्फोट होऊन तळाला गेले. बेंगाल आणि ओंदिना दोघीही तगल्या. अशा बोटीवर आपला काका होता म्हटल्यावर कोणाची छाती फुगणार नाही?

गेल्या वर्षी गावच्या शाळेने लष्करात व आरमारात गेलेल्या गावकऱ्यांचा फलक लावायचे ठरवले. काकांचा मजकूर आणण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. म्हटले, टोपीच्या फितीवर बोटीचे नाव असेलच. तसबीर खाली काढली, भिंग लावले. फितीवर 'एच. एम. आय. एस.' एवढीच अक्षरे! पुढे नाव नाही. मग कळले की शत्रूला सुगावा लागू नये म्हणून युद्धकाळात फितीवरून बोटींची नावे काढून टाकली होती. म्हणजे फीत मुकी.

पण दंड बोलका निघाला. काकांच्या उजव्या बाहीवर एक चिन्ह होते. आम्ही लहानपणापासून ते फूल समजत होतो. ते फूल नव्हते. बोटीचा पंखा होता. ते यंत्रखात्याचे, बॉयलरपाशी राबणाऱ्या स्टोकरचे चिन्ह. तोफेवरच्या माणसाचे नव्हे. माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तिथे.

चौकटीचे खिळे उपटले, तो फोटोच्या पाठीवर लोणावळ्याच्या एका छायाचित्रकाराचा शिक्का आणि मोडीत लिहिलेल्या चार ओळी. घरात मोडी वाचणारे कोणी उरले नाही. रत्नागिरीच्या एका वृद्ध गुरुजींनी चष्मा सारखा करीत वाचून दाखवले: "ती. आईस साष्टांग नमस्कार. इंजिनाची परीक्षा उतरलो. बोट अजून मिळाली नाही. येथे समुद्र नाही, सबब काळजी नसावी." खाली तारीख होती, २ एप्रिल १९४५.

बेंगालच्या लढाईला तेव्हा अडीच वर्षे होत आली होती आणि काका लिहीत होते, बोट अजून मिळाली नाही!

दोन रात्री नीट झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी लोणावळ्याची गाडी धरली. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच असलेल्या या गावात आरमाराचे काय काम, असे कोणालाही वाटेल. पण १९३९ साली आमचे आरमार जेमतेम दीड-दोन हजार माणसांचे होते. युद्ध संपेतो ते पंचवीस हजारांच्या वर गेले. एवढ्या बोटी हाकायला यंत्रे जाणणारी माणसे हवी होती. त्यासाठी १५ फेब्रुवारी १९४५ रोजी लोणावळ्याला आरमाराची यंत्रशाळा निघाली. तिला नाव दिले 'शिवाजी'. विलायती राजाच्या आरमारात, सह्याद्रीच्या माथ्यावर, हे नाव! ती शाळा आजही तिथे आहे.

भुशी धरणाच्या सांडव्यावर पोरेटोरे भिजत होती. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले हे धरण. ते मागे टाकून थोडे वर गेले की आरमाराचे फाटक लागते. आत जायची परवानगी नव्हती, मी मागितलीही नाही. धुके उतरत होते. खाडीवर वाढलेला विशीचा पोरगा या धुक्यात वाफेची गणिते घोकीत असेल आणि बोटीची वाट पाहत असेल. ऑगस्ट १९४५ मध्ये युद्धच संपले.

परत येऊन आत्याला सगळे सांगितले. आत्या नव्वदीची, काकांची धाकटी बहीण. ती सुपारी कातरीत ऐकत राहिली. मग म्हणाली, "अरे बाळ्या, तोफेचं दादा कधीच बोलला नाही. पोस्टमास्तर ओटीवर पेपर वाचून दाखवायचे. त्यात बेंगालची बातमी आली होती, आणि मग दादा आरमारात गेला. लोकांनी दोन्हीची गाठ मारली. तो परत आला तर वेशीवर ढोलताशे! गळ्यात पडलेला हार त्याला काढवेना. म्हणून तर दिवसभर गिरणीत जाऊन बसायचा. तिथल्या आवाजात कोणी काही विचारीत नसे."

गिरणी! गावातली पहिली भातगिरणी काकांनी घातली होती. ऑइल इंजिन नुसत्या कानाने ऐकून दुरुस्त करायचे. पंचक्रोशीतल्या बायकांच्या हातचे मुसळ त्या गिरणीने सुटले. ती विद्या कुठून आली, हे आम्ही कोणी कधी विचारलेच नाही.

फलकाच्या बैठकीत एक जण म्हणाले, "बेंगाल राहू द्या की! कोणाचे काय बिघडते?" मी म्हटले, "जे खरोखर तिच्यावर उभे होते, त्यांचे बिघडते. आणि काकांचेही बिघडते. जन्मभर उचललेले ओझे मेल्यावर तरी उतरवू या." बराच वेळ कोणी बोलले नाही. अखेर मजकूर ठरला: "स्टोकर, रॉयल इंडियन नेव्ही. 'शिवाजी', लोणावळा, १९४५. गावातील पहिल्या भातगिरणीचे चालक."

तसबिरीला आता दोन्ही बाजूंनी काच बसवली आहे. या दिवाळीला हार आत्याने स्वतः घातला. घालण्याआधी तिने तसबीर उलटी करून पाहिली. मोडी तिलाही येत नाही. "समुद्र नाही, काळजी नसावी," असे पुटपुटत तिने त्या चार ओळींवरून बोट फिरवले आणि मग तसबीर जागच्या जागी टांगायला माझ्या हाती दिली.