दोन जुळे प्रोसेसर

एएमडी कंपनीने २०२२ साली ‘रायझन ९ ७९५०एक्स’ आणि पुढच्याच वर्षी ‘७९५०एक्स थ्रीडी’ हे संगणकाचे प्रोसेसर बाजारात आणले. गाभे दोहोंतही सोळाच. यांपैकी कोणता घ्यावा, असे आमच्या भाच्याने विचारले, तेव्हा त्याच्या आईची भिशी पणास लागली होती. म्हणून आम्ही हे प्रकरण थट्टेवारी नेले नाही.

थ्रीडीमध्ये आठ गाभ्यांच्या वाट्यास ‘कॅश’ या जलद स्मृतीचा जादा थर आहे. एकूण ६४ ऐवजी १२८ मेगाबाइट. वारंवार लागणारी माहिती हाताशी राहते, म्हणून पुष्कळसे खेळ सरस चालतात. चित्रे घडविण्याच्या जड कामात मात्र साधा भाऊच किंचित पुढे. पण तो १७० वॅटसाठी आखलेला, थ्रीडी १२० साठी. आणि आमच्या आदिलाबादेत मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावतो! अर्थात, थोडा वेग सोडून साध्यालाही ‘इको मोड’ने आवरता येते.

भाच्यास म्हणे ॲनिमेशनपट करावयाचे आहेत. रात्री त्याच्या खोलीतून आवाज येतात ते खेळांचे. आम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून साधाच सुचविला, आणि वाचतील त्या पैशांत यूपीएस. ताईने तत्काळ मान डोलावली. भाचा अद्याप रुसलेला आहे.