फीच्या पलीकडचा हिशेब

मोहन नगर, रविवार.

भाची एका छोट्या खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक घेऊन आली. "मामा, फी परवडेल ना?"

मला 2005 आठवलं. 2002च्या कायद्यानंतर छत्तीसगडात शंभरावर खासगी विद्यापीठं उगवली; कित्येकांना धड इमारतही नव्हती. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल याविरुद्ध न्यायालयात गेले आणि 11 फेब्रुवारी 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती संपली. पोरांची वर्षं टांगणीला लागली.

आता तिथे खासगी विद्यापीठांसाठी नियामक आयोग आहे. तरी पदवीचं मोल आपणच तपासायचं. एका बाजूला फी, वसतिगृह, कर्जाचं व्याज. दुसऱ्या बाजूला किती जण पदवीपर्यंत पोचले, किती जणांना कामं लागली आणि पगाराच्या क्रमाने त्यांतल्या मधल्याला पगार किती. माहितीपत्रकातलं 'सर्वाधिक पॅकेज' एकालाच मिळतं. हप्ते मात्र सगळ्यांना.