हाताच्या मापाचा माऊस

संगणकाच्या खरेदीत ज्या वस्तूचा विचार सर्वांत शेवटी होतो आणि जिच्यावर हात मात्र दिवसभर राहतो, ती वस्तू म्हणजे माऊस. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, पडदा किती इंचांचा, याची चौकशी प्रत्येक खरेदीदार करतो. माऊस मात्र संचासोबत येईल तो स्वीकारला जातो, आणि बिघडला की दुकानात हाताशी असेल तो, बहुधा सर्वांत स्वस्त, उचलून आणला जातो. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे संगणक करमणुकीपेक्षा दाखले, सातबारा, आडतीची पट्टी आणि पगारपत्रक यांसाठी अधिक चालतो, तेथे ही बेफिकिरी वापरणाऱ्याच्या मनगटाला आणि खिडकीबाहेर ताटकळणाऱ्या माणसाला भोवते.

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने गोळीऐवजी प्रकाशावर चालणारा माऊस सर्वसामान्य ग्राहकांसाठी आणला. अर्थात अमेरिकेतील नवी वस्तू मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी पोहोचायला वेळ लागतोच. त्यामुळे हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांतील ज्या पिढीने नव्या जिल्ह्याच्या आरंभीच्या वर्षांत संगणकाला प्रथम हात लावला, त्या पिढीच्या आठवणीतला पहिला माऊस सहसा गोळीचाच असतो. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने 2001 मध्ये एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरली, तेव्हा लेखणी आणि टंकलेखन यंत्र यांवर बोटे वळवलेली अनेक प्रौढ माणसेही या अभ्यासक्रमाच्या केंद्रांत येऊन बसली. त्यांना अवघड गेली ती अक्षरे नव्हेत, तर हात टेबलावर आडवा सरकत असताना नजर समोरच्या पडद्यावर ठेवण्याची सवय. कळपाटाची थोडीफार ओळख टंकलेखनाने करून दिलेली होती, माऊसला मात्र जुन्या कार्यालयात पूर्वज नव्हता.

त्या गोळीच्या माऊसच्या पोटात रबराचे आवरण असलेली जड गोळी असे. ती टेबलावर फिरली की आत परस्परांशी काटकोनात बसवलेले दोन बारीक रूळ फिरत, रुळांच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या चकत्या प्रकाशाचा झोत तोडत, आणि झोत किती वेळा तुटला यावरून हात आडवा किती व उभा किती सरकला हे संगणकाला कळे. रचना चोख होती, पण ती धुळीला तोंड देणारी नव्हती. गोळी टेबलावरचा मळ उचलून रुळांवर नेत असे, तेथे त्याचे काळे कडे साचत असे, आणि मग करसर, म्हणजे पडद्यावरचा बाण, एकाच दिशेला अडखळू लागे. काळ्या मातीच्या या प्रदेशात उन्हाळ्यातील धूळ आणि मोंढ्यातील आडत दुकानांत हळदीची भुकटी यांमुळे झाकण उघडून नखाने रूळ खरवडणे हा संगणक वापरण्याचाच एक भाग होऊन बसला होता. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद आणि हिंगोलीच्या मार्केट यार्डातील हळदीची उलाढाल यांचे कौतुक सर्वत्र होते. त्या व्यवहाराच्या पट्ट्या काढणाऱ्या मुनिमाच्या टेबलावरच्या पिवळ्या थराची दखल मात्र फक्त त्याच्या माऊसने घेतली.

या वस्तूचा मूळ इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये लाकडी पेटीचा पहिला माऊस बनवला. त्यात गोळी नव्हती, दोन चाके होती. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि 17 नोव्हेंबर 1970 रोजी पेटंट मिळाले. सामान्य ग्राहकाच्या टेबलावर तो आला 1984 च्या मॅकिन्टॉशनंतर, आणि मधल्या फिरकीला, म्हणजे स्क्रोल व्हीलला, सार्वत्रिक केले 1996 च्या मायक्रोसॉफ्ट इंटेलिमाऊसने.

प्रकाशावर चालणाऱ्या माऊसच्या तळाशी एक छोटा दिवा आणि त्याच्या शेजारी अत्यंत लहान कॅमेरा असतो. दिवा टेबलाचा पृष्ठभाग तिरक्या प्रकाशाने उजळतो, कॅमेरा सेकंदाला शेकडो किंवा हजारो छायाचित्रे घेतो, आणि एका छायाचित्रातील खडबडीतपणाच्या खुणा पुढच्या छायाचित्रात किती सरकल्या हे मोजून हालचाल ठरवली जाते. म्हणजे या माऊसला टेबल दिसावे लागते. जे त्याला दिसत नाही त्यावर तो चालत नाही. आणि येथेच मराठी कार्यालयाच्या एका जुन्या रिवाजाशी त्याची गाठ पडते. टेबलावर जाड काच, काचेखाली दूरध्वनी क्रमांकांची यादी, सुट्ट्यांचे परिपत्रक, एखाद्या देवस्थानचे चित्र, अशी मांडणी जिल्ह्यातील बहुतेक कार्यालयांत व अनेक घरांत दिसते. गुळगुळीत पारदर्शक काचेवर कॅमेऱ्याला खुणाच सापडत नाहीत, करसर पळतो किंवा जागीच थरथरतो, आणि दोष माऊसच्या माथी मारून नवा माऊस आणला जातो, जो त्याच काचेवर तसाच वागतो. काचेवर चालणारे माऊस लॉजिटेकने 2009 पासून आणले आहेत, परंतु ते महाग असतात. जुन्या वहीचा पुठ्ठा किंवा साधी कापडी गादी तेच काम करते. नवा माऊस घेण्याआधी टेबल तपासावे, हा नियम या एका कारणासाठी पुरेसा आहे. (याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभी राहत आहे, जिच्या 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत लेसर किरण धावून गुरुत्वीय लहरींमुळे होणारे अणुकेंद्राहूनही सूक्ष्म बदल मोजतील. तिची पद्धत माऊसपेक्षा सर्वस्वी वेगळी आहे. तरी प्रकाशाने सरकणे मोजायचे ही खटपट दोन्हीकडे आहे, आणि तालुक्याच्या तहसिलीत तिला काच आडवी येते, हे नमूद करावेसे वाटते.)

फिरकीचे महत्त्व या भागात 2023 नंतर विशेष जाणवले. मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांत कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मोडी व उर्दूतील जुन्या कागदांच्या प्रतिमा पडद्यावर पाहण्याचे काम वाढले. प्रतिमा मोठी करणे, ओळ वाचणे, पुन्हा लहान करणे, पुढचे पान सरकवणे, ही सारी कामे तर्जनीच्या एका बोटावर येतात. फिरकी सैल असेल तर ओळ निसटते आणि ताठर असेल तर संध्याकाळी बोट ठणकते. दुकानात फिरकी फिरवून तिचे खटके बोटाला स्पष्ट लागतात की नाही हे पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही.

तरीही माऊस सर्वाधिक वेळा निकामी होतो तो डाव्या बटणापायी. बटणाखाली सूक्ष्म खटका असतो, त्यात धातूची लवचिक पाती दाबली की संपर्क जुळतो. या खटक्यांचे आयुष्य कंपन्या क्लिकांत सांगतात आणि ते दहा लाखांपासून काही कोटींपर्यंत असते. दाखले काढून देणाऱ्या एखाद्या सेवा केंद्रातील चालक दिवसाला 5,000 वेळा क्लिक करतो आणि वर्षाला 300 दिवस काम करतो असे मानले, तर वर्षाला 15 लाख क्लिक होतात. म्हणजे 30 लाखांचा खटका दोन वर्षांत आयुष्य संपवणार, यात कंपनीने फसवले असे काही नाही. पाती झिजली वा तिच्यावर गंज चढला की संपर्क एका दाबात दोनदा जुळतो, आणि ‘एकदा दाबलं तर डबल क्लिक होतंय’ ही तक्रार सुरू होते. घरी त्याने फार तर एखादी फाइल अनवधानाने उघडते, पण अर्ज सादर करण्याच्या किंवा पैसे भरण्याच्या बटणावर तोच दोष महागात पडतो. त्यामुळे डबल क्लिक सुरू झालेला माऊस ‘चालतोय तोवर चालू द्या’ म्हणून कार्यालयात ठेवणे ही काटकसर नव्हे. शासकीय कार्यालयांत आणि शाळांत जडसंग्रह नोंदवही व निर्लेखन, म्हणजे निरुपयोगी वस्तू रीतसर नोंदीतून कमी करणे, यांची चाकोरी सांभाळताना कर्मचारी पुष्कळदा स्वतःच्या खिशातून माऊस आणतो, आणि मग तो स्वस्तात स्वस्तच आणतो. त्याला नावे ठेवता येत नाहीत.

वायरचा की बिनवायरचा, हा प्रश्न शहरातील लेखांत सोयीचा म्हणून मांडला जातो. येथे तो आधी यूएसबीच्या जागांचा प्रश्न आहे. सेवा केंद्राच्या लॅपटॉपला अंगठ्याचे यंत्र, प्रिंटर आणि स्कॅनर लागलेले असतात, तलाठ्याच्या लॅपटॉपला डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागते, आणि दोन-तीन जागांत एवढी मंडळी बसवताना माऊसची जागा अनेकदा हबवर जाते. तेथे वायरचा माऊस बिनतक्रार चालतो. बिनवायरचा माऊस 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर नखाएवढ्या रिसीव्हरशी बोलतो, आणि हा रिसीव्हर वेगवान यूएसबी उपकरणाला खेटून बसला की त्या उपकरणाच्या गोंगाटाने करसर अडखळतो. रिसीव्हर छोट्या जोडवायरीने दूर नेला की दोष जातो. शिवाय काढ-घाल करताना तो हरवतो, आणि रिसीव्हर हरवला की पुष्कळदा सबंध माऊस बाद होतो. ब्लूटूथच्या माऊसला रिसीव्हर लागत नाही, परंतु जुन्या कार्यालयीन संगणकांत ब्लूटूथच नसते.

घरी चित्र बदलते. तेथे जागा मोकळ्या असतात, टेबल नसून बहुधा पलंग किंवा बैठक असते, आणि आवाज न करणारी बटणे रात्री झोपलेल्या माणसांना उपकारक ठरतात. मात्र चार्ज होणाऱ्या माऊसपेक्षा पेन्सिल सेलवरचा माऊस खेड्यात अधिक भरवशाचा, कारण पेन्सिल सेल किराणा दुकानातही मिळतो, आणि आत कायमची बसवलेली बॅटरी दुबळी झाली की ती बदलून देणारा तालुक्यात सापडणे कठीण.

खोक्यावर ठळकपणे छापलेला डीपीआयचा आकडा, म्हणजे हात एक इंच सरकला असता माऊस किती टप्पे मोजतो याचे माप, हा सर्वांत कमी कामाचा. 1,366 ठिपके रुंदीच्या सर्वसाधारण पडद्यावर 1,000 डीपीआयचा माऊस साडेतीन सेंटिमीटर सरकला की करसर या टोकाहून त्या टोकाला जातो. त्याहून मोठा आकडा नोंदी भरणाऱ्या हाताला चौकटीवर नेम धरणे अवघडच करतो. खरे माप हाताचे असते. प्रवासासाठी बनवलेल्या इवल्याशा माऊसवर मोठ्या हाताची बोटे आखडून राहतात, मनगट टेबलाच्या कडेवर दाबले जाते आणि तेथून जाणाऱ्या मज्जातंतूवर ताण येतो. आठवडी बाजारात खुरपे घेणारी बाई मूठ हातात धरून पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. माऊस मात्र प्लॅस्टिकच्या बंद वेष्टनात विकला जातो आणि ग्राहक ते निमूटपणे घेतो. दुकानदाराकडे उघडा नमुना मागावा, तळवा त्याच्या पाठीवर पूर्ण टेकतो का ते पाहावे, आणि घरात वा कार्यालयात डावखुरा कोणी असेल तर दोन्ही बाजूंनी सारखा घडवलेलाच निवडावा. उजव्या अंगाला वळवलेला आकार एका माणसाला सुखाचा असतो, पण पाळीपाळीने वापरल्या जाणाऱ्या टेबलावर तो गैरसोयीचा.

सारांश न देता निवाडाच द्यायचा तर कार्यालयासाठी वायरचा, मध्यम आकाराचा, दोन्ही हातांना चालणारा आणि तारखेच्या पावतीसह हमी असलेला माऊस घ्यावा. घरासाठी पेन्सिल सेलवरचा, आवाज न करणारा, रिसीव्हर पोटात ठेवण्याची जागा असलेला घ्यावा. आणि एकच माऊस पिशवीतून दोन्हीकडे नेण्या-आणण्याचा बेत सोडून द्यावा. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुना माऊसही ई-कचऱ्यात मोडतो, तेव्हा तो घंटागाडीत न टाकता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावा.