काल पी-वन, आज पी-टू... आणि गाडी गायब!

गाडी जागेवर नाही हे कळायला माणसाला किती वेळ लागतो? मला तब्बल दोन मिनिटं लागली. आधी वाटलं, आपण चुकीच्या दुकानातून बाहेर आलो. मग वाटलं, गाडी पलीकडे लावली असेल. मग खिशातली किल्ली चाचपली, जणू किल्ली आहे म्हणजे गाडीही असणारच! शेवटी शेजारच्या नारळपाणीवाल्याने माझ्याकडे न बघताच सांगून टाकलं, “उचलली. आत्ताच गेले. चौकीवर जा.”

पुण्यात दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने हा डायलॉग एकदा तरी ऐकलाय. तुम्ही ऐकला नसेल, तर बॉस, तुम्ही नवीन आहात किंवा भलतेच लकी आहात.

आता माझी बाजू ऐका. मित्राचं लग्न तोंडावर आलं होतं, म्हणून लक्ष्मी रोडजवळच्या एका गल्लीत शर्ट फिटिंगला टाकला होता. तारीख होती ३१. गल्लीत एका बाजूला पी-वनची पाटी, दुसऱ्या बाजूला पी-टूची. मी गाडी पी-वनखाली लावली, शर्ट दिला, निघालो. सगळं कायदेशीर! टेलर म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून गेलो. काल पी-वन होतं, म्हणजे आज पी-टू. साधं लॉजिक. एरवी मुंगी शिरायला जागा नसते त्या गल्लीत पी-टूची बाजू जवळजवळ मोकळी होती. म्हटलं, वा! आज नशीब जोरावर आहे. पाच मिनिटांचं तर काम.

पाच मिनिटांची वीस झाली, कारण टेलरने बटणं लावली नव्हती.

शर्ट गेला खड्ड्यात, खरा प्रॉब्लेम डिकीत होता. डिकीत आईच्या गुडघ्याच्या एमआरआयचे रिपोर्ट होते. दीड महिन्यापूर्वी नंबर लावलेले डॉक्टर, सदाशिव पेठेतलं क्लिनिक, पाचची वेळ. आई कोथरूडहून रिक्षाने परस्पर येणार आणि मी रिपोर्ट घेऊन पोचणार, असं ठरलं होतं. तेव्हा घड्याळात सव्वाचार वाजले होते.

पहिल्या चौकीवर गेलो. “आपल्याकडे नाही, पुढच्या चौकीवर बघा.” रिक्षा केली. पुढच्या चौकीबाहेर गाड्यांची रांग होती, तिच्यात माझी पांढरी गाडी केविलवाणी उभी. आरशाची मान मोडलेली. मोबाईल वाजला. “अरे, कुठायस? आपला नंबर येईल आता.” म्हटलं, “आई, ट्रॅफिक आहे.” आयुष्यात इतकं खरं आणि इतकं खोटं एकाच वाक्यात मी कधी बोललो नव्हतो.

माझ्या पुढे चार जण होते. चौघांचीही केस सेम, चौघेही तितकेच भडकलेले. माझा नंबर आल्यावर मीही सुरू झालो. अनाउन्समेंट का नाही केली? समोर दुकानासमोर आडव्या लावलेल्या मोठमोठ्या गाड्या दिसत नाहीत का? दुचाकीवालाच सापडतो का तुम्हाला? हवालदारकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “साहेब, आज तारीख काय?”

“एक.”

“सम की विषम?”

“विषम. पण काल...”

“काल एकतीस. ती सम की विषम?”

मागचे सगळे हसले. त्यातला एक जण माझ्याच गल्लीतून उचललेला होता, तो जरा कमी हसला.

तर मंडळी, पी-वन म्हणजे विषम तारीख आणि पी-टू म्हणजे सम तारीख. ‘एक दिवसाआड’ असं नव्हेच! ३१ नंतर १ येते आणि दोन्ही विषम. वर्षात ३१ दिवसांचे महिने सात, म्हणजे माझ्यासारख्या गणितज्ञांना पकडायला सात हक्काचे दिवस. लीप वर्षात आठ, कारण २९ फेब्रुवारीनंतर १ मार्च. पाटीवर सगळं लिहिलेलं असतं. पण पाटी वाचतंय कोण? आपण आधी मोकळी जागा बघतो.

दंड ५०० रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात दंड वाढले तेव्हापासून पहिल्या वेळेला एवढा, पुन्हा सापडलात तर १,५००. टोइंगचे पैसे वेगळे. सगळं भरलं, डिकी उघडली, रिपोर्ट घेतले, क्लिनिक गाठलं. पावणेसहा. डॉक्टर ऑपरेशनला निघून गेले होते. आई बाकावर पर्स मांडीवर धरून एकटीच बसली होती. काही बोलली नाही. फक्त म्हणाली, “शर्ट छान झालाय का?”

पुढची वेळ नऊ दिवसांनी मिळाली. ते नऊ दिवस मी ऑफिसात सगळ्यांना टोइंगची कहाणी रंगवून सांगितली. प्रत्येकाकडे आपापली कहाणी होतीच. २०१८ मध्ये बातमी आली होती, शहरातल्या गाड्या ३६ लाखांवर गेल्या आणि माणसं साधारण ३५ लाख. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केलं. आधी पाच रस्त्यांवर पैसे घेऊन पार्किंग करून बघायचं ठरलं होतं. केवढी बोंबाबोंब झाली होती तेव्हा! त्यात मीही होतो. रस्त्यावर गाडी लावायचे पैसे? टॅक्स भरतो ना आम्ही? पुढे कित्येक वर्षं ते धोरण कागदावरच राहिलं. आम्ही जिंकलो म्हणायचं.

नऊ दिवसांनी शहाणपणा केला. रिक्षानेच गेलो. गर्दीमुळे रिक्षावाल्याने क्लिनिकच्या अलीकडच्या चौकातच सोडलं. जेमतेम दोनशे पावलं. आईला घेऊन फुटपाथवरून निघालो आणि दहा पावलांत फुटपाथ संपला. म्हणजे फुटपाथ होता, पण त्यावर दुचाक्या होत्या. आईने माझा दंड पकडला आणि दुखरा गुडघा सांभाळत रस्त्यावर उतरली. मागून बस हॉर्न मारत आली. पुन्हा वर चढली, पुन्हा गाड्या, पुन्हा खाली. दोनशे पावलांत चार वेळा.

“कुठेही लावतात मेले,” आई म्हणाली.

शेवटच्या रांगेत एक पांढरी गाडी होती. थेट माझ्यासारखी. हँडल वळवून अर्धी फुटपाथवर, अर्धी खाली. पाच मिनिटांसाठीच लावली असणार, दुसरं काय. मी गप्प बसलो.

माझ्या तक्रारी अजून तशाच आहेत हं! गाडी उचलण्याआधी आवाज द्यायलाच हवा. दुचाकीला एक न्याय आणि मोठ्या गाडीला दुसरा, हे चालणार नाही. आरसा कुणी भरून देणार? आणि नुसता दंड घेऊन भागत नाही, गाडी लावायला जागाही द्या. पण जागा मिळाली की तिचे पैसे मागतील, तेव्हा यंदा मी बोंबलणार नाही. मंडईजवळच्या बहुमजली पार्किंगला गाडी लावून चालत जायला मला दहा मिनिटं लागतात. माझे गुडघे अजून शाबूत आहेत.

आईचं ऑपरेशन टळलंय, व्यायामावर भागेल म्हणाले डॉक्टर. रोज थोडं चालायला सांगितलंय.

कुठे चालायचं, ते नाही सांगितलं.