परवडत नाही

इंग्रजी शिकणाऱ्या मुलींना मोठमोठ्या शब्दांची धास्ती वाटत असणार, असा आमच्या घरच्यांचा समज आहे. प्रत्यक्षात मोठे शब्द फारसा त्रास देत नाहीत. त्यांना बहुधा एकच अर्थ असतो; तो वहीत उतरवला, चार वेळा घोकला, की काम भागते. छळतात ते रोजच्या वापरातले लहान शब्द. द्वितीय वर्षाला आल्यापासून अशाच एका क्रियापदाने मला पछाडले आहे. ते म्हणजे 'अफोर्ड'. शाळेच्या शब्दार्थांच्या वहीत त्याच्यापुढे 'परवडणे' असा एकच अर्थ असतो, आणि परवडणे हा शब्द तर आमच्या घरात मिठाइतका रोजचा आहे.

पहिल्या सत्रात मॅडमनी भाषांतरासाठी फळ्यावर एक वाक्य लिहिले, 'यंदा शेतकऱ्याला कांदा परवडला नाही.' वर्गातल्या एका हुशार मुलाने झटकन उठून सांगितले, 'द फार्मर कुड नॉट अफोर्ड अनियन्स धिस इयर.' व्याकरणात कुठे खोट नव्हती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे शेतकरी पिशवी घेऊन बाजारात गेला आणि कांदा महाग म्हणून रिकाम्या हाताने परत आला." वर्ग खो खो हसला. अर्ध्या वर्गाच्या घरी कांद्याची चाळ आहे, त्यामुळे हसू जरा जास्तच आले असावे. मग मॅडमनी सांगितले की इथे 'अफोर्ड' चालत नाही, 'पे' हे क्रियापद घ्यायचे. कांद्याने 'पे' केले नाही, असे इंग्रज म्हणेल.

वर्ग पुढच्या वाक्याकडे गेला. मी मात्र त्या वाक्यातच अडकून राहिले, कारण मला आई आठवत होती.

आमचे गाव निफाड तालुक्यात. जमीन अडीच एकर. त्यात मुख्य कांदा आणि बांधाच्या कडेने थोडी मेथी, कोथिंबीर. ही भाजी घेऊन आई दर आठवड्याला बाजारात बसते. गिऱ्हाईक म्हणते, "दहाला दोन जुड्या दे." आई म्हणते, "नाही परवडत, ताई. जुडी बांधायची मजुरी निघत नाही." दुपारी भाजी संपली की आई उठते आणि बाजारात दुसऱ्या अंगाने शिरते. भांडीवाल्याकडे पातेले हातात घेऊन वाजवून बघते, भाव विचारते आणि खाली ठेवते. "नाही परवडत, भाऊ." भांडीवालाही तेच म्हणतो, "मावशी, एवढ्यात मला घरात पडत नाही, कसं परवडंल?" तराजूच्या दोन्ही पारड्यांतून एकच शब्द ऐकू येतो. विकणाऱ्याला परवडत नाही, घेणाऱ्यालाही परवडत नाही, आणि तरी संध्याकाळपर्यंत बाजार उठलेला असतो. दोघांनाही थोडे थोडे परवडवून घ्यावे लागते.

इंग्रजीत आईला सकाळी एक क्रियापद लागेल आणि दुपारी दुसरे. इंग्रजीतले 'अफोर्ड' फक्त गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे असते.

हे मी मॅडमना विचारले, तेव्हा त्यांनी फोनवर एका जुन्या कोशाचे पान काढून दाखवले. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा १७५५ सालचा इंग्रजी कोश. हा कोश आता कोणालाही असा घरबसल्या पाहता येतो. त्यात 'अफोर्ड'चे जे अर्थ दिले आहेत, त्यांत विकणाऱ्याचाही अर्थ आहे! अमुक एका किमतीला माल विकायला परवडणे, असा. अडीचशे वर्षांपूर्वी लंडनचा भाजीवाला आमच्या आईसारखेच बोलू शकत होता तर. पुढे कधीतरी इंग्रजीतून हा अर्थ गळून पडला आणि शब्द गिऱ्हाइकाकडे गेला. असे का झाले असावे, याचे मला मोठे कुतूहल आहे. दुकानदारांना दुसरे नेमके शब्द मिळाले असतील. पण मला आपले उगीच वाटते, की ज्या देशात विकणारा मोठा होत गेला, तिथे त्याला 'परवडत नाही' असे म्हणण्याची गरज उरली नसेल. हा माझा तर्क आहे. परीक्षेत कोणी लिहू नये.

या शब्दाचे मूळही पाहण्यासारखे आहे. त्याच्या पोटात 'फोर्थ' हा शब्द दडलेला आहे. 'फोर्थ' म्हणजे पुढे. संख्येतला चौथा तो वेगळा. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ पुढे नेणे, तडीस नेणे असा होता. पैशाशी त्याचा संबंध नव्हता. पुढे उच्चारातला 'थ' जाऊन 'ड' आला, आणि लॅटिन वळणाच्या शब्दांसारखे दिसावे म्हणून एकाचे दोन 'एफ' झाले. खेड्यातून शहरात गेलेल्या माणसाने आडनावाचे स्पेलिंग बदलावे, तसा हा प्रकार.

विकणाऱ्याच्या परवडण्याकडे पुन्हा येते, कारण आमच्या जिल्ह्यात या शब्दाचा इतिहास झालेला आहे. आई जुडीच्या बाबतीत निदान 'परवडत नाही' असे तोंडाने म्हणू शकते. अण्णा लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली घेऊन जातात, तेव्हा तेवढेही म्हणता येत नाही. ही समिती १९४७ सालची. तिथे व्यापारी ट्रॉलीपाशी येतात, मूठभर कांदे हातात घेऊन पाहतात, बोली लावतात, आणि मिनिटभरात पुढच्या ट्रॉलीकडे सरकतात. भाव पटला नाही तर माल परत न्यायला मोकळीक आहे. पण परत न्यायचा म्हणजे ट्रॅक्टरचे भाडे दोनदा, आणि घरी चाळीत कांदा सडतोच आहे. 'नाही म्हणणे' सुद्धा परवडत नाही, अशी ती जागा आहे.

१९८० साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांदा आणि ऊस यांच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवली, तेव्हा आमचे आजोबा ऐन तारुण्यात होते. ते सांगत, की सभेत जोशीसाहेब आकडे मांडायचे. बियाणे इतके, खत इतके, मजुरी इतकी, आणि घरच्या माणसांची मजुरी धरायची की नाही? आजोबांनी त्याआधी आजीच्या निंदणीची मजुरी कधी हिशेबात धरलीच नव्हती. मागणी होती उत्पादन खर्चावर आधारित रास्त भावाची. मी ते ऐकते तेव्हा मला वाटते, की जे शेतकरी पिढ्यान्पिढ्या मनाशी पुटपुटत आले होते, ते 'परवडत नाही' त्या सालात प्रथमच इतक्या मोठ्याने म्हटले गेले. २००४ साली नेमलेल्या स्वामिनाथन आयोगानेही खर्चावर निदान निम्मा नफा धरून आधारभूत किंमत द्यावी, असे सुचवले. कांदा तर आधारभूत किमतीच्या यादीतच नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती आला तो २ रुपयांचा धनादेश. ही बातमी साऱ्या देशाने वाचली. त्या धनादेशाचे इंग्रजी भाषांतर 'अफोर्ड'ने होत नाही आणि 'पे'नेही होत नाही.

आता थोडे व्याकरण. विज्ञान शाखेच्या वाचकांनी हा परिच्छेद ओलांडून गेले तरी चालेल. मराठीत आपण म्हणतो, 'मला रिक्षा परवडत नाही', 'मला खोल्या परवडत नाहीत', 'मला हा खर्च परवडला.' क्रियापद वस्तूप्रमाणे बदलते. मी नुसती 'मला' होऊन बाजूला उभी असते. वाक्यात जे काही परवडायचे ते त्या वस्तूने परवडायचे आहे. इंग्रजीत मात्र 'आय' पुढे येतो आणि त्याच्यासोबत 'कॅन' किंवा 'कान्ट' यावेच लागते. मला शक्य आहे, मला शक्य नाही. वस्तू जागच्या जागी राहते, कमी पडतो तो माणूस. फीच्या सवलतीसाठी इंग्रजी अर्जाचा जो नमुना आम्हाला लिहून दिला जातो, त्यात 'माय फादर कॅनॉट अफोर्ड' असे वाक्य हमखास असते. ते लिहिताना माझे पेन दर वेळी जरा अडते. 'फी परवडत नाही' असे अण्णा चारचौघांत मोकळेपणाने म्हणतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. कारण वाक्य फीविषयी आहे. इंग्रजी वाक्य अण्णांविषयी आहे.

ज्याला इंग्रजी 'कान्ट अफोर्ड' म्हणते, त्याचा खरा मराठी जोडीदार 'ऐपत' हा असावा, असे मला वाटू लागले आहे. ऐपत माणसाची असते. 'मला परवडत नाही' असे कोणीही म्हणते, लखपतीसुद्धा म्हणतो, किंबहुना जास्त वेळा म्हणतो. 'माझी ऐपत नाही' असे म्हणायला मात्र जीभ वळत नाही. ऐपत बहुधा दुसरा काढतो, आणि ती काढली की भांडण होते. तहसील कचेरीत उत्पन्नाचा दाखला मिळतो, ऐपतीचाही दाखला मिळतो. परवडण्याचा दाखला कोणी मागत नाही आणि देतही नाही. तो हिशेब ज्याचा त्यालाच ठाऊक.

अलीकडे मात्र इंग्रजीची सावली आपल्या शब्दावर पडू लागली आहे. क्रिकेटच्या समालोचनात 'आता एकही गडी गमावणे भारताला परवडणार नाही' असे ऐकू येते, तेव्हा मला 'कान्ट अफोर्ड टू' चा वास येतो. शहराच्या वेशीवर 'परवडणारी घरे' असे मोठे फलक असतात. कोणाला परवडणारी, ते फलकावर नसते. आईच्या तोंडी तर असे कधी येत नाही. तिच्या 'परवडणे'च्या आधी कोणाला तरी 'ला' लागलेला असतो. उलट आपल्या शब्दाचा एक पदर असा आहे, की जो इंग्रजीला सापडायचा नाही. 'असल्या पाहुण्यापेक्षा चोर परवडला.' इथे पैसा नाही, बाजार नाही. दोन वाइटांतले कमी वाईट कोणते, त्याची निवड आहे.

आणि हाच शब्द जिथे पैशाला सोडून जातो, तिथे मला त्याची भीती वाटते.

आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकलेली मी पहिलीच. मुलगेही नाहीत. बारावीनंतर मला कॉलेजात घालायचे ठरत होते, तेव्हा नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, म्हणाले होते, "पोरीला रोज एवढ्या लांब पाठवणं आपल्याला परवडायचं नाही." अण्णांनी खर्च मांडून दाखवला. एसटीचा विद्यार्थी पास सवलतीत मिळतो, फीला सवलत आहे, पुस्तके ग्रंथालयात मिळतात. वह्या आणि चहा एवढेच काय ते उरते. नानांनी सगळे ऐकून घेतले आणि पुन्हा म्हणाले, "तरी परवडायचं नाही." मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. संध्याकाळची गाडी चुकली तर काय, गावात लोक काय म्हणतील, शिकलेल्या मुलीला स्थळ कुठून आणायचे, तिच्या हातचे घरातले काम कोणी करायचे, हे सारे त्या एका शब्दात मावले होते. त्यातल्या कशाचीही पावती फाडता येत नाही, म्हणून कशावर सवलतही मागता येत नाही. नाना दुष्ट नाहीत. आजारपणात मला खांद्यावर घेऊन दवाखान्यात पळालेले तेच. त्यांना खरोखरच परवडत नव्हते.

मराठीत या क्रियापदाचा कर्ता 'मी' झाला, की 'मी' म्हणजे माल होते. 'मी परवडत नाही' म्हणजे मी महाग पडते. त्या दिवशी आतल्या खोलीत बसलेली मी अशीच कर्ता झाले होते. तेव्हा कसेबसे दोन वर्षांचे ठरले. पुढचे पुढे पाहू, असे म्हणून सगळे उठले.

ते 'पुढचे' आता आले आहे. तृतीय वर्षाला जायचे की नाही, याचा विषय गेल्या महिन्यात निघाला. कांद्याचे पैसे नुकतेच आले होते, म्हणजे जे काही आले ते. नानांनी तोच शब्द काढला. अण्णा गप्प बसले. आई नानांच्या समोर सहसा बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी राहते. त्या दिवशीही तशीच उभी होती. तिथूनच म्हणाली, "नाना, कांदा तरी कुठं परवडतो? पण लावतोच ना आपण दरसाल."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अण्णांना म्हणाले, "फॉर्म भरायची तारीख काय आहे, ते विचार तिला."