पट्टी बांधताना

आमच्या गोरेगावात, हिंगोली जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणेच, कबड्डी खेळणाऱ्या मुलांना दुसऱ्या दिवशी शेतात राबावे लागते. त्यांच्या मुरगळलेल्या घोट्यावर पट्टी बांधताना मी मनातल्या मनात प्रार्थना करतो. बहुतेक मुले ख्रिस्ती नाहीत, म्हणून मोठ्याने करीत नाही. विजय मात्र मी मागत नाही. समोरच्या संघातील मुलेही त्याच पित्याची लेकरे आहेत.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल याने रविवारी धावणे नाकारले आणि १०० मीटरची शर्यत सोडली. ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीच्या दिवशी संघातील मालिश करणाऱ्याने त्याला एक चिठ्ठी दिली. देवाचा मान राखणाऱ्याचा देव मान राखतो, असा तिचा आशय होता. लिडेलने ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक पटकावले. परंतु ती चिठ्ठी निकालापूर्वीच दिलेली होती, हे मला अधिक मोलाचे वाटते.

संत पौल आपल्या शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो. गुडघा सुजलेल्या मुलाला, अंतिम सामना असला तरी, “बाळा, आज खेळू नकोस” असे सांगावेच लागते. गावाचा रोष होतो. त्या वेळी धैर्य मिळावे, एवढेच मी प्रभूपाशी मागतो.